आमचं घर दंत-आपत्तीसाठी सज्ज आहे

१ जानेवारी २०२५, बुधवार. सकाळ.

नवीन वर्षाचा संकल्प एकच, पण मोठा. दाताची कुठलीही इमर्जन्सी आली तरी आमचं घर तयार असलं पाहिजे.

कारण परवाची येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. शेतात घरची, पाहुणी अशी सगळी माणसं जेवायला. भज्जी, उंडे, आंबील, सगळं यथासांग झालं. मग शेजारच्या शेतातले गुरुपादप्पा मामा दातानं ऊस सोलायला बसले. ऊस सोलला गेला नाही, दात मात्र हलला. मामांनी पोत्याची सुतळी उसवली, एक टोक दाताला बांधलं, दुसरं बाभळीला, आणि मान मागे टाकली. दात आला. तो त्यांनी ज्वारीत भिरकावला आणि आणखी एक वाटी आंबील मागितली. सगळे हसले. माय तर डोळे पुसत हसत होती.

मी एकटी हादरले. सुतळी निर्जंतुक होती का? रक्त थांबवायची काय सोय होती? हे प्रश्न तिथे कुणालाच पडले नाहीत. मला पडले. शिक्षणाचा फरक तो हाच. (मी या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी., उदगीर. हे इथे लिहायची गरज नाही, मला माहीत आहे. तरी.)

आणि योगायोग बघा. लातूरच्या एका संस्थेची जाहिरात आलीय. पद: ग्रामीण दंतआरोग्य मार्गदर्शक. जागा एक. 'स्वतःच्या घरापासून बदल घडवणाऱ्या उमेदवारास प्राधान्य.' जणू मला डोळ्यासमोर ठेवूनच लिहिलंय. वडिलांना, म्हणजे अण्णांना, वाचून दाखवली. ते म्हणाले, बघ बाई, येवढं एक करून बघ. न्हाई जमलं तर पाडव्यानंतर तुला बघायला पाहुण्यांना बोलवू, मग तोंड वाकडं करायचं न्हाई. मी लगेच हो म्हटलं. न जमायचा प्रश्न येतोच कुठे?

ता. क. आंबील गार होती. उजवीकडच्या खालच्या दाढेला किंचित जाणवलं. थंडीचे दिवस आहेत. थंडीत होतं.

४ जानेवारी, शनिवार.

पेटी तयार.

डबा मायचा आहे, शिवणाचा. सुयादोरे तिनं तात्पुरते परातीत ठेवलेत आणि दर भाकरीला माझ्या नावानं ओरडते. मोठ्या कामात थोडी गैरसोय होणारच.

आत: लवंगा, लवंगेचं तेल, कापूस, मीठ, टॉर्च, छोटा आरसा, शिट्टी. शिट्टी देवणीच्या बाजारात वाजवून घेतली. एक ऑटो थांबला.

चार्ट लॅमिनेट करून आणला. 'दात निखळल्यास काय करावे?' एक, घाबरू नये. दोन, दाताच्या मुळाला हात लावू नये. तीन, दात दुधात ठेवावा. चार, अर्ध्या तासाच्या आत दवाखाना गाठावा. दाताचं चित्र मी स्वतः काढलंय. धाकटा भाऊ सत्यम म्हणाला, अक्का, दोन पायांचं वांगं कशाला काढलंस? हा मुलगा दिवसभर पोलीस भरतीसाठी धावतो. रक्तपुरवठा सगळा पायांना जातो.

६ जानेवारी, सोमवार. संध्याकाळ.

घरात मीटिंग घेतली. जबाबदाऱ्या वाटल्या. अण्णा वाहतूक प्रमुख, कारण गाडी त्यांना येते. माय दूध विभाग, कारण दूध तिच्याच हातात असतं. सत्यम ड्रिलपुरता रुग्ण. मी समन्वयक.

अण्णांनी विचारलं, सध्या कुणाचा दात दुखून राहिला का घरात? कुणी काही बोललं नाही. मीही नाही. नेतृत्व करणाऱ्याचं दुखणं वेगळं असतं, ते मीटिंगमध्ये आणायचं नसतं.

मग सगळ्यांची प्राथमिक तपासणी करायची होती. अण्णा बाजारात गोऱ्हा घेताना जबडा फाकवून दात बघितल्याशिवाय पुढचं बोलत नाहीत. दोन दाती का चार दाती, सगळं तिथंच ठरतं. आपली गाय विकतानासुद्धा समोरच्याला आधीच सांगतात, दात असे असे आहेत, नंतर बोलू नका. अशा माणसाला मी टॉर्च दाखवून म्हटलं, अण्णा, आ करा. तर म्हणाले, मला विकायला काढायलीस का?

पुरुषांची मानसिकता बदलायला वेळ लागेल.

९ जानेवारी, गुरुवार.

आज धाडसी निर्णय. मिसरी बंद.

माय रोज तव्यावर तंबाखू भाजते, काळी पूड करते आणि ती दातांना लावत अंगणातल्या दगडावर बसते. शेजारच्या बसम्मा काकूही स्वतःची डबी घेऊन येतात. अर्ध्या गावाचा कारभार तिथं चालतो. मी मायची डबी जप्त केली आणि पेटीत टाकून कुलूप लावलं. मोबाइलवर कॅन्सरचे फोटो दाखवले. माय म्हणाली, लगीन होऊन आले तवापासून लावते, एक दात हलला न्हाई. मी समजावलं की याला पुरावा म्हणत नाहीत, अनुभव म्हणतात.

बसम्मा काकूंचं माहेर कर्नाटकातलं. मायला म्हणाल्या, अय्यो देवरे, लेक शिकली म्हंजे घरात ठाणंच बसलं की लक्ष्मीबाई. मग आपली डबी कमरेला खोचून निघून गेल्या.

माय चुलीकडे वळली. आमटी खारट. बदलाची सुरुवात अशीच होते.

१२ जानेवारी, रविवार.

पेटीतल्या लवंगा कमी झाल्यात. मायवर संशय. भाताला घातल्या असणार. कडक शब्दांत सूचना दिली. माय म्हणाली, किल्ली तुझ्या गळ्यात हाय की.

नंतर आठवलं, काही लवंगा मी स्वतः चाचणीसाठी वापरल्या होत्या. उजवीकडच्या दाढेवर. चाचणी समाधानकारक.

मायला सांगायची वेळ टळून गेली.

१६ जानेवारी, गुरुवार.

संक्रांतीचं हळदीकुंकू घरी झालं. दरवर्षी माय वाण म्हणून प्लास्टिकच्या वाट्या देते. या वर्षी माझ्या आग्रहावरून टूथब्रश दिले. गल्लीतल्या एकूण एक बाईच्या हातात टूथब्रश! डोळे भरून आले. अर्जाच्या फाइलसाठी फोटो काढले.

तिळाचे लाडू कडक झाले होते. इमर्जन्सी नको म्हणून मी सगळे खलबत्त्यात कुटून चमच्यानं वाढले. एक बाई म्हणाली, औषध देऊन राहिलीस का गं?

संध्याकाळी पाठपुरावा. बसम्मा काकूंनी ब्रश केसांना काळा रंग लावायला घेतलाय. म्हणाल्या, लई चांगला हाय, मुळापर्यंत जातो. पलीकडच्या घरी त्यानं गॅसची शेगडी घासायचं चाललं होतं. वापर सुरू झाला हे महत्त्वाचं. तोंडापर्यंत हळूहळू पोचेल.

१९ जानेवारी, रविवार. सकाळ.

आज पहिलं ड्रिल. वेळ मुद्दाम संध्याकाळच्या धारेची निवडलीय. दूध ताजं मिळेल, अण्णा घरी असतील, सत्यम मैदानावरून आलेला असेल. शिट्टी वाजली की सत्यमनं दात निखळल्याचा अभिनय करायचा, मायनं वाटीत दूध आणायचं, अण्णांनी गाडी काढायची. सगळं डोळ्यासमोर स्पष्ट दिसतंय.

त्याच दिवशी, संध्याकाळी सातच्या सुमारास. उदगीर. दवाखान्याच्या बाकावर.

ड्रिल वेळेवर सुरू झालं.

शिट्टी मी गोठ्याच्या दारात वाजवली. आमची गाय चांदी अस्सल देवणी जातीची आहे, स्वभावानं गरीब. पण तिनं आयुष्यात शिट्टी ऐकलेली नव्हती. तिनं मान झटकली. सत्यम तिच्या तोंडाशीच वैरण टाकायला वाकला होता. शिंगाचं बूड त्याच्या तोंडावर बसलं.

वरचा, समोरचा दात. अख्खा.

इथे मी जराही डगमगले नाही. चार्टप्रमाणे पहिला मुद्दा मोठ्यानं वाचला: घाबरू नये. सत्यम जे बोलला ते इथे लिहीत नाही. दात मी मुळाला हात न लावता उचलला, धुतला, मायनं आणलेल्या दुधाच्या वाटीत ठेवला आणि फाइलसाठी फोटो काढला. अण्णांनी गाडी काढली. सत्यम मध्ये, मी मागे, मांडीवर पेटी. अर्ध्या तासाच्या थोडं पुढे गेलो, पण रस्त्याचं काम चालू आहे.

डॉक्टरांनी सत्यमचं तोंड बघितलं आणि विचारलं, दात आणलात का?

मी पेटी उघडली. लवंगा, तेल, कापूस, मीठ, टॉर्च, आरसा, मिसरीची डबी, चार्ट.

डॉक्टरांनी चार्ट हातात घेतला, शांतपणे तिसरा मुद्दा वाचला आणि माझ्याकडे बघितलं. वाटी घरी ओट्यावर राहिली होती. मायला फोन लावला, उचलला नाही. दूध विभागात संपर्क यंत्रणा कमकुवत आहे, याची नोंद घेतली पाहिजे.

डॉक्टर म्हणाले, आता आणून तरी उपयोग नाही. मग मलाच म्हणाले, तुमचा हा गाल थोडा जड दिसतोय. मी म्हटलं, आमच्याकडे सगळ्यांचेच गाल असे आहेत. अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

रात्री, जेवणाआधी.

घरी येऊन बघते तर वाटी धुऊन पालथी. माय म्हणाली, उघडं दूध टाकून गेलीस, मांजर तोंड घालती की, मी पातेल्यात ओतून घेतलं. मी विचारलं, दात होता का त्यात? माय म्हणाली, अंधारात मी काय चाळून ओतू? पातेल्यात बोट फिरवून बघावं म्हटलं तर तिनं हात मागे ओढला. विरजण लावून झालं होतं, आता मोडायचं नाही. शिवाय वाटी विसळताना काही तरी खुळखुळून मोरीत गेलं, असं तिला वाटतंय. टॉर्चनं मोरी शोधली. नाही.

सत्यम कोपऱ्यात बसलाय. ओठ सुजलाय. मी सांगितलं की दात मुख्यतः कॅल्शियमचा असतो आणि दुधातही कॅल्शियम असतं, तेव्हा तो त्यात मिसळला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. त्यानं उशी फेकली.

२० जानेवारी, सोमवार. सकाळ.

दात सापडला.

अण्णांना. दही-भाकरी खाताना. दातांमध्ये.

सत्यमचा दात शाबूत आहे, ओरखडासुद्धा नाही. अण्णांच्या पुढच्या दाताचा मात्र अर्धा टवका उडाला. म्हणजे दूध विभागाची साठवण उत्तम होती, हे मान्य करायला हवं.

मी पेटी घेऊन धावले. अण्णा म्हणाले, ती पेटी घेऊन म्होरं आलीस तर बघ.

मायनं सगळं दही उकिरड्यावर ओतलं. म्हणाली, ह्या घरात आल्यापासनं दही टाकायचा हा पहिला दिवस.

२५ जानेवारी, शनिवार.

शांतपणे आढावा घेतला. दोष यंत्रणेचा नाही, अंमलबजावणीचा आहे. शिवाय गायीला मीटिंगला बोलावलं नव्हतं.

सत्यम माझ्याशी बोलत नाही. मैदानावर मुलं त्याला खिडकी म्हणतात. अण्णा त्याला म्हणाले, भरतीत छाती मोजतात, दात कोण मोजतंय? तो म्हणाला, फॉर्मवर फोटो लावायचा असतो की अण्णा. उदगीरच्या डॉक्टरांनी नकली दात बसवून देतो म्हटलंय. खर्चाचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात, म्हणून मी त्या वेळी पाणी आणायला उठते.

अण्णांना आता शीळ घालता येत नाही. हवा टवक्यातून निसटते. रानातून परतताना ते चांदीला शिळेनं बोलवायचे. आता ती बांधावरच उभी राहते आणि त्यांना जवळ जाऊन दोरी धरावी लागते.

दाढ: निरीक्षणाखाली.

१ फेब्रुवारी, शनिवार.

मुलाखतीचं पत्र आलं! सोमवार, १७ फेब्रुवारी, लातूर. अण्णांनी पत्र दोनदा वाचायला लावलं, देवापुढे ठेवलं. मग म्हणाले, पाडव्याचं विसरू नको. सत्यमसुद्धा पहिल्यांदा बोलला. म्हणाला, लाग बाई नोकरीला, घराबाहेर ऱ्हाशील.

कॉलेजमधल्या दीपमालाचा फोन. तिनंही अर्ज केलाय. प्रॅक्टिकलला तिला माझ्यापेक्षा कमी मार्क होते. मी विचारलं, घरासाठी काय केलंस? चार्ट, पेटी, ड्रिल? म्हणाली, नाही गं, मी फक्त आई-बाबांना उदगीरला नेऊन दात तपासून आणले, आणि माझी एक दाढ भरून घेतली.

वाईट वाटलं तिचं. कल्पकता अजिबात नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार.

लवंगेचं तेल कापसावर घेऊन लावायचं असतं. बाटलीतून थेट ओतायचं नसतं. हे बाटलीवर लिहिलेलं होतं, फार बारीक अक्षरात.

हिरडी भाजली. दाढेचं दुखणं आता त्यामानानं कमी वाटतं. म्हणजे उपाय लागू पडला.

मुलाखतीचा सराव रोज आरशासमोर. 'माझं नाव शिवांगी शेषेराव बिरादार. माझा विश्वास आहे की बदल घरापासून सुरू होतो.' बदल म्हणताना कळ येते. त्याऐवजी परिवर्तन म्हणून बघितलं. त्यानं जास्त येते.

९ फेब्रुवारी, रविवार.

माय जेवताना म्हणाली, महिनाभर डावीकडूनच खायलीस, कामून? दात दाखव. मी म्हटलं, ज्यानं या घरात दंतजागृती आणली त्यालाच दात दाखवायला सांगणं हा अविश्वास आहे. माय म्हणाली, मला तसले मोठे शबुद कळत न्हाईत, गाल सुजलेला कळतो. सत्यमसंगं उद्याच उदगीरला जा.

उदगीरला मी जाणार नाही. घाबरते म्हणून नाही. त्या खुर्चीजवळ जी बारीक आवाज करणारी मशीन असते, तिच्या आवाजाबद्दल माझे काही वैज्ञानिक आक्षेप आहेत. आणि मुलाखतीच्या तोंडावर समन्वयकच रुग्ण निघाला तर आदर्श घराचं काय राहिलं?

मुलाखत होऊ दे. मग बघू.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

आज एक वैज्ञानिक प्रयोग केला. मिसरी लावणाऱ्यांना दातदुखी कमी जाणवते, या लोकसमजुतीची प्रत्यक्ष पडताळणी. जप्त डबीतली चिमूटभर मिसरी, उजवी दाढ, गोठ्यामागे, एकटी.

निरीक्षणे: पहिली काही मिनिटं खरोखर बधिर. मग गोठा फिरू लागला. मग चांदी दोन दिसल्या. मग उलटी.

बसम्मा काकूंनी कुंपणापलीकडून बघितलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी मायला हाक मारली, अगदी आनंदानं. दोघींनी मला धरून आणलं, लिंबूपाणी पाजलं. काकू म्हणाल्या, पैल्यांदा अशी भसकन लावायची नसती व्वा, आधी जराशी लावायची.

माय पुढे आली. माझ्या गळ्यातून किल्ली काढली, पेटीतून डबी घेतली आणि कमरेला खोचली. आमटी आज बरोबर झाली होती.

१६ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.

गाल सुजलाय. बराच. मुलाखतीचं टेन्शन. टेन्शन गालात उतरतं, असं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं.

तोंड एक बोट जाईल इतकं उघडतं. उत्तरं थोडक्यात द्यायची. थोडक्यात बोलणारा उमेदवार आत्मविश्वासू वाटतो.

माय म्हणाली, उद्या अण्णा संगं येतील. मी म्हटलं, ग्रॅज्युएट मुलीला मुलाखतीला बाप लागत नाही. म्हणजे म्हणायचं होतं. जे बाहेर आलं ते ऐकून माय म्हणाली, हाव, तेच म्हणते मी, ते येतील.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

काल लिहिता आलं नाही. तोंडात कापूस होता. लिहायला तोंड लागत नाही, हे खरं आहे. तरी.

सकाळच्या एसटीनं लातूर. स्कार्फ घट्ट बांधलेला. संस्थेच्या आवारात मोठा मांडव. त्याच दिवशी त्यांचं मोफत दंत-शिबिर पण होतं. डावीकडे उमेदवारांच्या खुर्च्या, उजवीकडे रुग्णांची रांग. खुर्चीवर दीपमाला, इस्त्रीची ओढणी, हातात एक पातळ फाइल. माझी फाइल जाड होती.

मी डावीकडे वळले. वळताना स्कार्फ सुटला. अण्णांनी माझा चेहरा उजेडात नीट बघितला. मग आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं, भर लोकांत माझा हात धरला आणि मला उजवीकडच्या रांगेत उभं केलं. म्हणाले, नोकरी ऱ्हाऊ दे बाजूला, पोरी. मी सांगायचा प्रयत्न केला की मी रुग्ण नाही, मार्गदर्शक आहे. रांगेतली म्हातारी म्हणाली, बिचारीला बोलताच येईना, पुढं जाऊ द्या तिला. सगळ्यांनी वाट दिली. लोक फार चांगले असतात, तेच वाईट झालं.

डॉक्टरीणबाईंनी बघितलं. दाढ आतून पोखरून गेलीय म्हणाल्या, पू झालाय, काढावी लागेल. विचारलं, किती दिवस अंगावर काढलं? अण्णा म्हणाले, येळवशीपासनं. म्हणजे त्यांना माहीत होतं.

मी उठायला लागले. अण्णांनी एक हात कपाळावर, एक हनुवटीखाली धरला, गायीला नळीनं औषध पाजताना धरतात तसा, आणि पुटपुटत राहिले, हो हो, हो माय, उभी ऱ्हा, झालं, झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं धरणारा माणूस आम्हाला रोज मिळाला तर बरं होईल.

इंजेक्शन देऊन झालं आणि त्याच वेळी लाउडस्पीकरवर नाव आलं: शिवांगी शेषेराव बिरादार, मुलाखतीसाठी आत यावं.

मी हात वर केला. डॉक्टरीणबाईंना वाटलं दुखतंय. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

नाव पुन्हा पुकारलं. अण्णा मांडवाकडे तोंड करून ओरडले, हाय हाय, हितंच हाय, दाढ काढून राहिली! मांडवातले सगळे वळून बघू लागले. दीपमालाही. मग लाउडस्पीकरवर पुढचं नाव आलं.

दाढ कागदात बांधून दिली. अण्णांनी ती निरखून बघितली आणि खिशात ठेवली. एसटीत विचारलं, दुधात घालायची का?

थट्टा होती. टवक्यातून हवा निसटत होती, तरी हसत होते.

२४ फेब्रुवारी, सोमवार.

संस्थेनं शिबिराचे फोटो टाकलेत. ते फिरत फिरत सत्यमच्या भरतीच्या ग्रुपवर आले. एका फोटोत मी. तोंड उघडं, डोळे पांढरे, डोकं अण्णांच्या कवेत. खाली लिहिलंय: 'दंतआरोग्याबद्दल अनभिज्ञ असलेल्या ग्रामीण युवतीला दिलासा.'

सत्यमनं स्टेटसला ठेवलाय.

संस्थेला सविस्तर पत्र लिहायला घेतलं. त्यात माझी पदवी, पेटी, चार्ट आणि ड्रिलचा उल्लेख केला. ड्रिलवर आल्यावर थांबले. पत्र पाठवलं नाही.

निवड दीपमालाची झाली. अभिनंदनाचा मेसेज केला. नवीन माणसाला शिकायला वेळ लागेल, गरज पडली तर मी आहे, असंही लिहिलं. तिनं हात जोडलेलं चित्र पाठवलं.

१२ मार्च, बुधवार.

दीपमाला आज घरी आली. संस्थेची बॅग, गळ्यात ओळखपत्र. आमचं गाव तिच्याकडे आलंय. तिला शिबिरातल्या लाभार्थींना भेटायचं होतं. गावात लाभार्थी एकच आहे.

मायनं तिला खुर्ची दिली, चहा केला, शेजारी बसम्मा काकूंना हाक मारली. काकू मिसरीचं तोंड धुऊन आल्या. माझ्यासाठी त्या कधी तोंड धुऊन आल्या नव्हत्या.

दीपमालानं प्लास्टिकच्या जबड्यावर ब्रश कसा फिरवायचा ते दाखवलं. काकूंनी विचारलं, हाच ब्रश केसाला लावला असंल तर चालतो का? ती हसली नाही, नवा दिला. मायला म्हणाली, मावशी, मिसरी एकदम सुटायची नाही, आधी दुपारची सोडा. माय म्हणाली, बघ की, कसं नीट सांगती पोरगी.

मग तिनं एक चार्ट काढला. रंगीत, छापील. 'दात निखळल्यास काय करावे?' चित्रातला दात दातासारखा होता. ती मुद्दे वाचू लागली. तिसरा मुद्दा आला तसे अण्णा उठून गोठ्याकडे गेले. सत्यमनं ओठांवर हात ठेवला. माय उठली, दुधाचं पातेलं फडताळात ठेवलं आणि कडी लावली.

दीपमालाला काही कळलं नाही. कुणी सांगितलंही नाही. त्याबद्दल मी घरच्यांची आभारी आहे.

शेवटी तिनं टॉर्च मागितला. सत्यमनं माझ्या पेटीतला आणून दिला. पेटीत आता परत सुया-दोरे आहेत, टॉर्च तेवढा राहिला होता. ती म्हणाली, शिवांगी, आ कर. सगळ्यांसमोर मी आ केला. ती म्हणाली, जखम छान भरलीय, पण डावीकडच्या एका दाढेला कीड लागतेय बघ, याच महिन्यात दाखव. मी म्हटलं, निरीक्षणाखाली ठेवते. माय म्हणाली, शनिवारी मी घेऊन जाते हिला.

दीपमाला गेल्यावर अण्णा अंगणात फोनवर बोलत होते. निलंग्याकडचे पाहुणे. मी दाराआड उभी राहिले. अण्णा म्हणाले, मुलगी ग्रॅज्युएट हाय, आमच्या घरातली पहिलीच. ऐकून बरं वाटलं. मग घसा साफ करून म्हणाले, आधीच सांगून ठेवतो, नंतर बोलू नका. एक दाढ न्हाई. पण मागची हाय, दिसत न्हाई.

पलीकडून काय विचारलं ते ऐकू आलं नाही.

अण्णा म्हणाले, न्हाई न्हाई. एकीला कीड लागून राहिलीय, शनिवारी भरून घेतो. बाकी पक्के हायत.